सुसाटची तपासणी

शिलाईच्या कारखान्यात माझ्या जाऊबाईंना सगळ्या सुसाट म्हणायच्या. कॉलर बसवण्यात त्यांचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. कापड सुईखाली सरकवलं की पलीकडून कॉलर होऊनच बाहेर यायचं, मध्ये काय झालं ते बघणाऱ्याला कळायचंच नाही. मी त्याच लाइनच्या शेवटच्या टेबलावर, शर्टांची बटणं तपासायला. घरी मी त्यांना ताई म्हणायचे. माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको म्हणून मान तर होताच, शिवाय मला या कामाला चिकटवून देणाऱ्याही त्याच.

कामावर घेतलं त्या दिवशी त्यांनी मला कात्री धरायच्या आधी पाण्याची शिस्त शिकवली. सकाळी अर्धा कप चहा, तोसुद्धा घोट घोट. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. जेवताना घास खाली उतरेल इतकंच प्यायचं आणि मग थेट घरी. कारण बाथरूम गोदामाच्या मागे, अख्खं आवार ओलांडून, आणि तिथे जायला आमच्या लाइनला बिल्ला एकच. तो सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेला असायचा. बिल्ला घेऊन गेलेली परत येईपर्यंत दुसरीने उठायचं नाही. एकीचं मशीन थांबलं की तिच्यापुढच्या सगळ्या खोळंबायच्या, आणि सुपरवायझर तोंडाने काही न बोलता घड्याळाकडे बघत राहायचा. मेल्याचं ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट. त्यामुळे बिल्ला बहुतेक दिवस खिळ्यावरच.

“आपल्या लाइनचा बिल्ला गंजायला आलाय,” असं ताई नव्या मुलींना कौतुकाने सांगायच्या. मला त्याचा संताप यायचा. यात मिरवण्यासारखं काय आहे, असं मी त्यांना तोंडावर विचारलंही होतं. त्या हसून म्हणाल्या, “तू एक दिवस दोनदा बिल्ला घेऊन दाखव, मग बोलू.” मी काही घेतला नाही. तोंडाची तिखट असले तरी मलाही घर चालवायचं होतं.

तर या ताईंच्या अंगावरून जायला लागलं. आधी चार दिवस जास्त, मग आठवडा, मग थांबायचं नावच नाही. त्या खुर्चीवर काळ्या कापडाची घडी टाकून बसायच्या आणि उठताना ती उचलून पिशवीत कोंबायच्या. कारखान्याच्या दवाखान्यात गेल्या, तर तिथल्या बाईने पांढरी गोळी दिली. डोकं दुखलं तरी तीच गोळी, पाठ दुखली तरी तीच, बोटात सुई गेली तरी तीच. ताईंचा चेहरा फिक्का पडत चालला आणि पोट मात्र वाढत चाललं. लाइनवर चेष्टा व्हायची. “सुसाट, या वयात? पेढे कधी?” ताईही हसायच्या. सासूबाई म्हणाल्या, बसून बसून सुटलंय. भाऊजी म्हणाले, बायकांचं काही ना काही चालूच असतं.

भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळे व्हाल. मालाची गाडी चालवतात, दारू नाही, हात उगारणं नाही. फक्त बायकोचं दुखणं म्हणजे गाडीचा खडखडाट, असं त्यांना वाटतं. गाडी चालते आहे ना, मग चालू द्या.

शेवटी मीच ताईंना ओढत आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, परत एकदा चाचपलं. मग म्हणाल्या, “आत गाठ लागतेय. कसली ते हाताने सांगता येत नाही. मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी करून घ्या आणि उशीर करू नका. लवकर कळलं तर करता येण्यासारखं खूप आहे.” उशीर करू नका म्हणे! मोठ्या दवाखान्यात बायकांच्या सोनोग्राफीचा दिवस आठवड्यातून एक, आणि तारीख मिळाली ती ऋतू पालटल्यानंतरची. बाहेर खाजगीत करायची तर भाऊजींसमोर हात पसरायला हवा होता, आणि त्याला ताई तयार नव्हत्या. आम्ही वाट बघितली. त्या महिन्यांत ताईंनी किती कॉलरी बसवल्या असतील, देव जाणे.

तो दिवस जुळवायलाही कोण आटापिटा करावा लागला. आम्हा दोघींची रजा एकाच दिवशी म्हटल्यावर सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या. घरी सासूबाईंचे गुडघे धरलेले, तरी त्या म्हणाल्या, “जा बाई, मी बघते स्वयंपाकाचं. पण एकदाच हं.” भाऊजीही म्हणाले, “एकदा काय ते बघून ये आणि विषय संपव. सारखं सारखं दवाखाना दवाखाना नको.” ताईंनी मान डोलावली. एकदाच, हे दोघांनीही म्हटलं होतं आणि ते ताईंच्या मनात पक्कं बसलं होतं.

दोन बस बदलून आम्ही पोचलो. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, बाकांवर बायका आणि बाकं संपली तिथून जमिनीवर बायका. टोकाला मशीनच्या खोलीचं हिरवं दार. दाराशी एक मदतनीस बाई उभी राहून नावं पुकारत होती. तिचा आवाज असा, की मी मनातल्या मनात तिचं नाव भोंगा ठेवलं. आल्या आल्या ताईंनी काय केलं असेल, तर रखवालदाराकडून किल्ली मागून घेतली आणि बाथरूमला जाऊन आल्या. तोंड धुतलं, केस नीट केले आणि शाळेच्या तपासणीला निघाल्यासारख्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

आमचा पुकारा झाला. भोंग्याने दारातच विचारलं, “लघवी भरलेली आहे ना?”

“नाही नाही,” ताई घाईघाईने म्हणाल्या. “आत्ताच करून आले. सकाळपासून पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही.” आणि शाबासकीची वाट बघत उभ्या राहिल्या.

भोंग्याने कपाळावर हात मारला. “अहो बाई, लघवीची पिशवी भरल्याशिवाय आतलं काही दिसत नाही! तारीख देताना सांगितलं नव्हतं का, पाणी पिऊन या म्हणून?”

मी ताईंकडे बघितलं. त्या खाली बघत पुटपुटल्या, “सांगितलं होतं. पण एवढी लांबची बस, मध्ये कुठे सोय नाही... आणि मला वाटलं, आपण तपासायला जायचं तर रिकामं होऊन जावं. डॉक्टरांना घाण वाटायला नको.”

मला हसावं की रडावं ते कळेना. आयुष्यभर ज्या एका गोष्टीत ही बाई पहिली आली, नेमकी तीच आज आडवी आली होती. पण रागवायचं कुणावर? मी उठले आणि बाटली भरून आणली.

आता पाणी पाजायचा कार्यक्रम. लहान मुलाला औषध पाजतात तसं मी त्यांना एकेक घोट पाजत होते. त्यांना पाणी जाईचना. घशाला सवयच राहिलेली नव्हती. अर्धी बाटली झाली की उलटीसारखं व्हायचं. “जन्माचं पाणी आज पिते आहे बघ,” त्या म्हणाल्या. शेजारच्या बाकावरची पोटुशी मुलगी हसली, मीही हसले. मग मी दुसरी बाटली भरून आणली, मग तिसरी. आमचा नंबर रांगेच्या शेवटी गेला होता, पण दिवस अजून हातात होता. होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मलाही आत जाऊ दिलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. डोळ्यांखाली काळं, बोलणं मऊ. त्यांनी ताईंच्या पोटावर तो गारगार चिकट पदार्थ लावला आणि यंत्र फिरवायला लागल्या. पडद्यावर नुसतं करडं काहीतरी हलत होतं. एका जागी त्यांचा हात थांबला. त्यांनी जरा दाबून बघितलं, कपाळाला आठी पडली.

“काही आहे का?” मी विचारलं.

“काहीतरी आहे. पण पिशवी अजून अर्धीच भरलीये, त्यामुळे नीट दिसत नाही. अंदाजाने सांगणं बरं नाही.” त्या ताईंकडे वळल्या. “अजून पाणी प्या. लघवीला जाऊ नका. भरली की लगेच घेते, परत रांगेत नाही बसायचं.”

इतकं गोड कुणी ताईंशी कितीतरी दिवसांत बोललं नव्हतं. त्या बाहेर आल्या त्या अंगात वारं भरल्यासारख्या. मी न सांगता त्यांनी बाटली उचलली आणि एका दमात रिकामी केली. “धरून ठेवायचंच आहे ना? मग ते आपल्याला जमतं,” असं म्हणून त्यांनी मला डोळा मारला.

थोड्या वेळाने त्यांची पिशवी भरली. मी भोंग्याला सांगायला उठले, तेवढ्यात व्हरांड्याच्या त्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. चाकाच्या खाटेवर एका बाळंतीणबाईला पळवत आणत होते. खाटेवरून रक्त गळत होतं आणि मागून तिची आई धावत होती. आम्ही सगळ्यांनी पाय आखडून वाट करून दिली. हिरवं दार उघडलं, खाट आत गेली आणि दार लागलं. आता यावर कोण काय बोलणार? ती बाई मरायला टेकली होती. मी परत बसले.

ताई ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि उजवा पाय मशीनच्या पायटीवर असल्यासारखा खालीवर. चेहऱ्यावर घाम आला होता.

“ताई, थोडंसं जाऊन या. थोडंसंच,” मी म्हटलं.

“थोडंसं करता येतं का वेडे? एकदा सुरू झालं की झालं.” मग दात आवळून म्हणाल्या, “आजची तारीख फुकट घालवायची नाही.”

पोटुशी मुलगी आता हसत नव्हती. तिने आपली शाल ताईंच्या पाठीमागे खोचून दिली. मी दोनदा दारावर टकटक केली. दोनदा आतून “थांबा” ऐकू आलं. तिसऱ्यांदा दार आपोआप उघडलं. खाट बाहेर आली आणि तिच्याबरोबर जवळजवळ पळत डॉक्टरबाईही. जाता जाता त्यांची नजर ताईंवर पडली, त्यांनी हात अर्धवट वर केला, काहीतरी बोलल्या. चाकांच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. त्या ऑपरेशनच्या खोलीकडे गेल्या त्या गेल्याच.

मग भोंगा वाजला. “आज मशीन बंद. राहिलेल्यांनी खिडकीवरून पुढची तारीख घ्या.”

मी भांडले. भांडणं मला चांगलं येतं. हिची पिशवी फुटायला आलीये, डॉक्टरांनी शब्द दिलाय, दुसरं कुणी बघू शकत नाही का, तुमच्या घरची बाई असती तर चाललं असतं का, जे जे तोंडाला आलं ते सगळं बोलले. भोंग्याने ऐकून घेतलं. जवळून बघितलं तर तिचा आवाज बसलेला होता. ती म्हणाली, “पूर्वी दोघी डॉक्टर होत्या. एक गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही. ही एकटी मशीनला, हीच बाळंतपणाला, हीच ऑपरेशनला. मी काय करू, तुम्हीच सांगा.” भांडायला समोर कुणीतरी लागतं. इथे समोर तीच एक थकलेली बाई होती आणि तिच्यामागे बंद दार.

“चला ताई, आता तरी मोकळ्या व्हा,” मी म्हटलं आणि त्यांना बाथरूमपर्यंत धरून नेलं. मी बाहेर उभी. आत नळ सुरू झाला, बंद झाला, परत सुरू झाला. बराच वेळ गेला.

“ताई?”

“येत नाही गं,” आतून आवाज आला. इतका बारीक, की तो ताईंचा आहे हे मला पटेना. “जोर लावतेय तरी येत नाही. काय झालं मला?”

त्यांना तातडीच्या विभागात कसं नेलं ते माझं मला आठवत नाही. तिथे नर्सने नळी घातली. ताई ओरडल्या नाहीत, नुसतं माझं मनगट धरलं आणि नखं रुतवली. खाली लावलेली पिशवी भरत गेली. नर्स म्हणाली, “इतकं कुणी धरून ठेवतं का बाई?” ताईंनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

तिथला डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने पोट दाबून बघितलं आणि गंभीरपणे मला म्हणाला, “खालून काहीतरी दाबतंय, म्हणून लघवी अडकली. परत अडकली तर लगेच घेऊन या. आणि यांची सोनोग्राफी करून घ्या. लांबवू नका.”

“तीच करायला आलो होतो,” मी म्हटलं.

“मग केली का नाही?”

मी सांगितलं. त्याने केसपेपर परत एकदा चाळला. मग म्हणाला, “आमच्या विभागात वेगळं मशीन नाही. बाहेरून करता आलं तर बघा. नाहीतर तारीख घ्या.” नळी काढून त्याने आम्हाला सोडलं. खिडकीवर तारीख मिळाली. पुन्हा पुढच्या ऋतूतली.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मी डोक्यात जुळवाजुळव करत होते. घरी गेल्यावर भाऊजींना सरळ सांगायचं, सगळ्यांसमोर, की गाठ आहे, डॉक्टरांनी पडद्यावर बघितली आहे, उद्याच्या उद्या बाहेरून तपासून घ्या. नाही म्हणाले तर मी घर डोक्यावर घेणार होते. मला ते जमलंही असतं. घरी माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात.

पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. सासूबाई ओट्याला टेकून एका पायावर उभ्या होत्या, पोळ्या करपल्या होत्या. भाऊजी चप्पल काढतच होते. “काय म्हणाले मग?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, “काही नाही. सगळं ठीक आहे म्हणाले.”

मी थक्क झाले. “ताई, अहो काय बोलताय? भाऊजी, तपासणी झालीच नाही. डॉक्टर मध्येच निघून गेल्या, यांची लघवी अडकली, नळी घालावी लागली...”

“हिचं काय ऐकता!” ताई हसत म्हणाल्या. हसणं अगदी कारखान्यातलं, खणखणीत. “ही बाहेर बाकावर पेंगत होती. आणि मग त्या दाराशी उभ्या असलेल्या बाईशी भांडत बसली. अख्खा दवाखाना गोळा केला हिने.”

भाऊजी हसले. सासूबाईही हसल्या. माझा नवरा म्हणाला, “तुला भांडायला दवाखानासुद्धा पुरला नाही का?” मी म्हटलं, कागदावर पुढची तारीख आहे ती बघा. ताई म्हणाल्या, ती नुसती दाखवून जायची, सगळ्यांनाच देतात. मी जितकी ओरडत गेले तितकं ते सगळ्यांना माझं नेहमीचंच वाटत गेलं. भाऊजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसत होता. त्यांनाही इतके दिवस धास्ती होती, हे मला तेव्हा कळलं. “बघ, मी म्हणत नव्हतो?” ते म्हणाले. “काही नसतं. उगाच घाबरवतात.” आणि हात धुवायला गेले.

स्वयंपाकघरात मी ताईंना गाठलं. सासूबाईंना त्यांनी बाहेर बसवून दिलं होतं आणि स्वतः करपलेला तवा घासत होत्या.

“असं का केलंत?”

“लाज वाटली गं.” त्यांनी मान वर केली नाही. “सासूबाईंनी गुडघे धरून पोळ्या केल्या. तुझी रजा गेली, माझी गेली. एकदाच जा म्हणाले होते. आणि मी सांगू काय, पाणी न पिता गेले म्हणून तपासणी झाली नाही? एवढंही कळलं नाही मला?”

“तुमच्यामुळे नाही झाली ती!”

“सुरुवात तर माझ्यामुळेच झाली ना.”

“बरं. मग पुढच्या तारखेला काय सांगून निघणार आहात?” मी विचारलं. “सगळं ठीक आहे म्हणालात. ठीक असलेल्या बाईला कोण सोडणार?”

त्यांचा हात तव्यावर थांबला. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं. लाइनवर क्षणात दहा गोष्टी जुळवणारी बाई, पण तिला फक्त ती संध्याकाळ पार पाडायची होती. मग ओला हात पुसून त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

इतके महिने मी या गाठीबद्दल बोलत होते, भांडत होते, पण हात कधी लावला नव्हता. ती सहज लागली. घट्ट, माझ्या मुठीहून मोठी, आणि दाबलं तरी न हलणारी. बाहेर भाऊजी फोनवर कुणाला तरी मोकळ्या आवाजात सांगत होते, सगळं नॉर्मल निघालं.

“हीच का गं ती?” ताईंनी विचारलं.

मी हो म्हटलं. आता त्या घरात ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली एक ते कधीच कबूल करणार नव्हती, आणि दुसरीचं कुणी ऐकणार नव्हतं.